पाटीवरील पदव्या आणि आपली औषधे

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे असलेली अक्षरे आपण वाचतो. त्या अक्षरांवरून डॉक्टरमंडळी एकमेकांची जी प्रतवारी लावतात, ती मात्र आपल्या दृष्टीस सहसा पडत नाही. तिची बीजे विद्यार्थिदशेतच रुजतात. ‘तिकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून बी.ए.एम.एस.’, ‘नुसता एम.बी.बी.एस.’, ‘एम.डी. नव्हे, डी.एन.बी.’ असे शेरे आमच्या व्यवसायात सर्रास ऐकू येतात.

वस्तुतः डी.एन.बी. ही १९७५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी शासनाने एम.डी. व एम.एस.च्या तोडीची मानली आहे. तेथे दुजाभावास आधार नाही. एम.बी.बी.एस. आणि बी.ए.एम.एस. यांची गोष्ट निराळी आहे. दोन्हींचा काळ साडेचार वर्षे व एक वर्ष आंतरवासिता असा सारखाच. अभ्यासाचा गाभा मात्र भिन्न. म्हणून कोणी कोणते उपचार करावेत, हा प्रश्न रास्तच आहे. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण देण्याच्या अधिसूचनेविरुद्ध ११ डिसेंबर २०२० रोजी देशभर डॉक्टरांनी काम बंद ठेवले, ते याच प्रश्नावरून.

परंतु पात्रतेची चर्चा वेगळी आणि तुच्छता वेगळी. तुच्छतेची किंमत रुग्ण मोजतो. गावातील वैद्यांनी दिलेली चिठ्ठी शहरातील तज्ज्ञाने न वाचताच बाजूला सारली, तर कोणते इंजेक्शन केव्हा दिले गेले हे कळण्याचा मार्गच खुंटतो. एकदा हेटाळणी ऐकलेले आजोबा पुढच्या खेपेस काढ्याचे नावच काढत नाहीत. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो, रक्तातील पोटॅशियम घटते. त्यातच लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ही घट धोकादायक ठरून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. डॉक्टरांना काढाच ठाऊक नसेल, तर कारण सापडणार कसे?

म्हणून आपण व आपली काळजी घेणाऱ्यांनी एवढे पाळावे :

• डॉक्टरांची पदवी कोणती आणि नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, हे निःसंकोच विचारावे.

• गोळ्या, चूर्णे, काढे, होमिओपॅथीच्या पुड्या हे सारे एकाच पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे.

• एका डॉक्टरांनी दुसऱ्यांच्या औषधाला नावे ठेवली म्हणून ते परस्पर बंद करू नये. ‘नेमके कोणते औषध, का आणि कसे थांबवायचे?’ असे विचारावे. स्टेरॉइड, फिट्सची किंवा रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबवणे घातक ठरते.

• प्रत्येक चिठ्ठीची प्रत घरी जपावी.

चांगल्या डॉक्टरांना आपल्या ज्ञानाची सीमा ठाऊक असते. ती ओलांडण्यापूर्वी ते रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवतात. पाटीवरील अक्षरे जरूर वाचा. त्याचबरोबर आपले म्हणणे पूर्ण ऐकून घेतले जाते का आणि वेळेवर पुढे पाठवले जाते का, हेही पाहा.