एकसष्टावं मूल
लेखांक 4

गेल्या आठवड्यात शाळेच्या इमारतीबद्दल लिहिलं, आज पटाबद्दल. झेडपीच्या शिक्षकाशी गप्पा मारायला बसलात तर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात पट येतोच. त्याची शाळा कोणती राहणार, हे त्या आकड्यावर ठरतं, मग दुसरं काय बोलणार?

शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब असा: प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तिसरा. म्हणजे एकसष्टावं मूल फाटकातून आत आलं तर सोबत एक शिक्षक आणतं, आणि पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्लिश मीडियमला गेलं तर त्याला घेऊन जातं. राज्याने 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने हे निकष आणखी आवळले. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे पदच नाही, असं ठरलं.

पट धरायचा तो 30 सप्टेंबरचा. त्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, आणि जादा ठरलेले गुरुजी समायोजनात दुसऱ्या गावी जातात. बीडकडे या तारखेची वेगळीच गंमत आहे. त्या दिवशी हजेरीत असलेली कितीतरी मुलं दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर ऊसतोडीला निघतात. कागदावरचा पट शाबूत, वर्ग मात्र अर्धा.

तिसरा शिक्षक गेला की काय होतं? चौथीपर्यंतच्या शाळेत एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. त्यातला एक केंद्राच्या बैठकीला गेला, की उरलेल्याकडे चारही वर्ग. तोही पोषण आहाराची नोंद मोबाइलवर भरत बसलेला. नेमका त्याच वेळी एखादा बाप शाळेवरून जातो, ओट्यावर हुंदडणारी पोरं बघतो आणि घरी जाऊन व्हॅनवाल्याला फोन लावतो.

मग मुलं शाळा सोडतात ती शिकवणं घसरलं म्हणून का? मला तसं वाटत नाही. ‘असर’च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली सरकारी शाळांत जाणारी 6 ते 14 वयाची मुलं 2018 साली 65.6 टक्के होती. कोरोनानंतर, 2022 मध्ये ती 72.9 टक्के झाली. 2024 मध्ये पुन्हा 66.8. आता वाचन बघा. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचं प्रमाण याच दोन वर्षांत 16.3 वरून 23.4 टक्क्यांवर गेलं. आकडा अभिमानाचा नाही, पण चढता आहे. वाचन सुधारत होतं आणि मुलं निघून जात होती! इंग्रजी म्हणाल, तर ती झेडपीतही 2000 पासून पहिलीलाच आहे. पण गल्लीत व्हॅन येते, टाय दिसतो. वाचन कुणाला दिसणार?

उन्हाळ्यात सर-मॅडम दाखलपात्र मुलांची यादी घेऊन दारोदार फिरतात. लोक चहा देतात, बसवून घेतात आणि विचारतात, “यंदा शिक्षक किती राहणार हो तुमच्याकडं?”

सरांना काय सांगावं कळत नाही. ते 30 सप्टेंबरला ठरायचं असतं, आणि समोर अंगणात खेळणारं पोर त्या मोजणीत धरायचं की नाही, हे अजून त्याच्या बापाने सांगितलेलं नसतं.