जुनी मोटार: पारख आणि व्यवहार

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घर आणि विवाह यांच्या खालोखाल मोठा खर्च पुष्कळदा मोटारीचा असतो. घर घेताना मनुष्य वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतो, वकिलाकडून कागदपत्रे तपासून घेतो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते की काय याची शेजाऱ्यांकडे चौकशी करतो. जुनी मोटार मात्र एखाद्या संध्याकाळी, रंग पाहून व रस्त्यावर एक फेरी मारून, विकत घेतली जाते. वास्तविक, ज्याने पूर्वी कधी मोटार बाळगलेली नाही आणि ज्याच्यापाशी बचतीची रक्कम बेताची आहे, त्यालाच या व्यवहारात फसण्याचा धोका अधिक असतो. चेन्नईसारख्या शहरात हा धोका कोणत्या स्वरूपाचा असतो आणि तो कसा कमी करता येतो, याचा विचार येथे केला आहे.

पहिली गाडी म्हणून बहुतेक कुटुंबे छोटी हॅचबॅक निवडतात. सामानासाठी वेगळी, बाहेर आलेली पेटी नसलेल्या आणि मागचा दरवाजा काचेसह वर उघडणाऱ्या मोटारीला हे नाव आहे. भारतात या प्रकाराचा खरा प्रसार मारुती ८०० या गाडीने केला. तिची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती देण्यात आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. अवघ्या ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेच्या, तीन सिलिंडरांच्या इंजिनावर चालणाऱ्या या गाडीने मोटार ही श्रीमंतांचीच वस्तू आहे, ही समजूत पुष्कळ अंशी मोडून काढली.

मोटारींचे शहर

चेन्नईचा मोटारींशी संबंध फार जुना आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये अशोक मोटर्स आणि स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या दोन कंपन्या स्थापन झाल्या. पहिली कंपनी प्रारंभी ऑस्टिन मोटारींची जुळणी करीत असे; १९५५ नंतर अशोक लेलँड या नावाने ती मालमोटारी व बसगाड्यांकडे वळली. दुसरीने १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड ही छोटी मोटार बनविली. मुंबईची फियाट, कलकत्त्याजवळची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हीच त्या काळातील ग्राहकाची निवड होती. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून थांबावे लागे, आणि त्यामुळे वापरलेली गाडी कधी कधी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाई.

उदारीकरणानंतर हे चित्र पालटले. श्रीपेरुंबुदूरजवळील इरुंगट्टुकोट्टई येथे ह्युंदाई कंपनीने कारखाना उभारला आणि १९९८ साली सँट्रो ही उंच छपराची हॅचबॅक बाजारात आणली. मरैमलैनगर येथे फोर्ड कंपनीने कारखाना काढला. २०१० साली आलेली फिगो ही त्या कारखान्यातीलच. नव्या छोट्या गाड्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या, म्हणून काही वर्षांनी जुन्या छोट्या गाड्याही तितक्याच विपुल झाल्या. त्यांच्या सुट्या भागांसाठी पुदुपेट्टै हा भाग प्रसिद्ध आहे. मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, दिवे, गिअरपेट्या आणि अख्खी इंजिनेसुद्धा तेथील दुकानांत मिळतात.

परंतु विपुलता म्हणजे सुरक्षितता नव्हे. फोर्डने २०२१ साली भारतातील मोटारींचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अशा वेळी त्या कंपनीची जुनी गाडी स्वस्तात मिळते. मात्र तिचे सुटे भाग कोठे व काय भावाने मिळतील, हे आधी कारागिराला विचारून घेतलेले बरे. ज्या गाड्या रस्त्यावर सर्वांत अधिक दिसतात, त्यांची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या गॅरेजातही होते. पहिल्या गाडीच्या निवडीत हा साधा निकष पुष्कळ उपयोगी पडतो.

विक्रेत्याला ठाऊक असते ते

जुन्या मोटारींचा बाजार हा अर्थशास्त्राच्या अभ्यासाचाही विषय झाला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे २००१ साली त्यांना अन्य दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या विचाराचा मोठा वाटा होता. त्यांच्या प्रतिपादनाचे सार एका काल्पनिक उदाहरणाने सांगता येईल. समजा, बाजारात चांगल्या गाडीची खरी किंमत दोन लाख रुपये आणि सदोष गाडीची एक लाख रुपये आहे. विक्रेत्याला आपली गाडी कशी आहे हे ठाऊक आहे. ग्राहकाला मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. मग ग्राहक मधली रक्कम, म्हणजे दीड लाख रुपये, देऊ करतो. या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकीत नाही. सदोष गाडीचा मालक आनंदाने विकतो. हळूहळू चांगल्या गाड्या बाजारातून मागे घेतल्या जातात आणि उरतात त्या बहुतांशी सदोष.

यावरून ग्राहकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आजूबाजूच्या भावाहून फार स्वस्त मिळणारी गाडी ही सुदैवाची खूण नसून बहुधा विक्रेत्याजवळील माहितीची खूण असते. दुसरे असे की, विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते जाणून घेण्यासाठी खर्च केलेला वेळ आणि कारागिराला दिलेली मजुरी हा खर्च वाया जात नाही. मालक ओळखीचा असेल, गाडी का विकीत आहे याचे त्याचे कारण पटणारे असेल आणि दुरुस्तीच्या पावत्या त्याने जपून ठेवल्या असतील, तर थोडी अधिक किंमत देणे हाही शहाणपणाच ठरतो.

पुरात बुडालेली गाडी

चेन्नईत विक्रेता जी गोष्ट सर्वांत काळजीपूर्वक लपवितो ती म्हणजे पूर. या शहराला पावसाचा मोठा भाग ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मिळतो. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या वेळी वेळच्चेरी, पळ्ळिकरणै आदी सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि उभ्या मोटारी वाहून गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुसळधार पावसाचा इशारा मिळताच वेळच्चेरीच्या रहिवाशांनी आपल्या गाड्या तेथील उड्डाणपुलावर ओळीने नेऊन उभ्या केल्या. मोटारीला पाण्याचे भय किती असते, हे त्या लोकांनी अनुभवाने जाणले होते.

पाणी मोटारीची हानी दोन प्रकारे करते. इंजिनाच्या सिलिंडरात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते. पाणी मात्र दाबले जात नाही. पाणी आत शिरलेले असताना इंजिन सुरू केल्यास दट्ट्याला जोडलेला दांडा वाकतो किंवा तुटतो. ही हानी ताबडतोब लक्षात येते. दुसरी हानी संथ असते. गढूळ पाणी विजेच्या तारांच्या जोडांत, नियंत्रण-पेट्यांत आणि आसनांच्या खाली राहते. गंज चढत जातो आणि काही महिन्यांनी एकेक भाग निकामी होऊ लागतो. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी गाडी पूर्णतः नष्ट झाली असे मानून भरपाई देते. त्यानंतर अशी गाडी भंगार म्हणून विकली जाते. परंतु ती भंगारातच राहील असे नाही. धुऊन, पुसून, नवी आसने चढवून ती पुन्हा बाजारात येऊ शकते.

अशी गाडी ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. खालच्या भागावर चिखलाच्या पाण्याची रेघ उमटलेली असते. पायाखालचे आच्छादन उचलून त्याखालचा पत्रा पाहावा. जादा चाकाचा खळगा, आसनांच्या सरकपट्ट्या, फ्यूजची पेटी आणि पुढच्या दिव्यांच्या आतली बाजू तपासावी. काचा बंद करून काही मिनिटे आत बसल्यास कुबट वास लपत नाही. आणि सुगंधी द्रव्याचा वास फारच तीव्र असेल, तर तोही संशयास्पद मानावा.

उजेडात आणि थंड इंजिनावर

गाडी नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावी. दरवाजांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या नसतील किंवा एखाद्या भागाचा रंग किंचित वेगळा दिसत असेल, तर अपघाताची शंका घ्यावी. समुद्रकाठच्या वस्त्यांत वावरलेल्या गाडीचा तळ अवश्य पाहावा, कारण खाऱ्या हवेमुळे पत्रा खालून कुजतो आणि वरचा रंग शाबूत राहतो.

इंजिन थंड असतानाच ते सुरू करण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर थंड इंजिनाच्या तक्रारी कळत नाहीत. निळसर धूर हे तेल जळत असल्याचे चिन्ह आहे; इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर थंडाव्याचे पाणी सिलिंडरात शिरत असण्याचा संभव असतो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसल्यास तेलात पाणी मिसळले आहे असे समजावे. शहरातील रेंगाळत्या वाहतुकीत क्लच लवकर झिजतो, आणि उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राला विश्रांती नसते. म्हणून यंत्र चालू ठेवूनच भर दुपारी चाचणीची फेरी घ्यावी. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते: ३२१९ असे लिहिले असल्यास तो टायर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात बनला. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो. पायपट्ट्यांचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले सुकाणूचक्र मात्र खरे बोलतात.

नाव कोणाचे?

यंत्राइतकेच महत्त्व कागदांना आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार त्याच राज्यात नोंदलेल्या गाडीच्या विक्रेत्याने १४ दिवसांत आणि ग्राहकाने ३० दिवसांत हस्तांतरण परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० वापरतात. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ देऊन नोंदपुस्तकावरील बोजा उतरवून घ्यावा लागतो. थकलेले दंडही आधीच तपासावेत.

या औपचारिकतेची उपेक्षा किती महाग पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील एका निर्णयावरून दिसते. त्या प्रकरणातील गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, परंतु नोंद मूळ मालकाच्याच नावे राहिली होती. २००९ साली तिच्यामुळे अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्या मालकावरच येते, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे नाव बदलून घेण्यात ग्राहकाइतकेच विक्रेत्याचेही हित आहे. विम्याची बाबही अशीच आहे. त्रयस्थाच्या हानीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. गाडीच्या स्वतःच्या हानीचे संरक्षण मात्र विमा कंपनीने विमापत्र नव्या नावावर केल्याशिवाय मिळत नाही. जुन्या मालकाने मिळविलेली विम्यातील सूट त्याचीच राहते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही परिवहन खात्याकडून अधिकृत मान्यता घ्यावी लागते. ती मान्यता पाहण्यास मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

पुणे किंवा नागपूर येथून चेन्नईस आलेल्या कुटुंबाने महाराष्ट्रात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ तेथे ठेवल्यास तिची नव्याने नोंदणी आवश्यक ठरते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि तमिळनाडूचा कर भरावा लागतो. परराज्यातील क्रमांकाची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

शेवटी वयाचा प्रश्न. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते; त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. म्हणून चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च किमतीतच धरावा. त्याचप्रमाणे हाताशी असलेली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. दीड लाख रुपये जमलेले असतील, तर सव्वा लाखाची गाडी पाहावी. उरलेल्या पैशांतून तेल, गाळण्या, इंजिनाचा पट्टा, बॅटरी, टायर आणि नावबदल यांची सोय होते. सँट्रोसारख्या ज्या गाड्यांत हा पट्टा रबरी असतो, त्यांत तो कधी बदलला याची पावती नसल्यास गाडी घेताच प्रथम तो बदलून घ्यावा, कारण तो चालत्या गाडीत तुटल्यास इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च पेलणे अशा कुटुंबाला कठीण जाते.