एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून सहा जाड काळ्या वायरी निघतात आणि सहा स्पार्क प्लगांपर्यंत जातात. यातल्या वायरींची अदलाबदल झाली, की इंजिन सुरू होत नाही. झालंच तर अडखळतं आणि कार्ब्युरेटरमधून भडका उडवतं. म्हणून जुन्या अमेरिकन सहा सिलिंडर गाडीचा मालक सगळ्यात आधी एक ओळ पाढ्यासारखी पाठ करतो : एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. शेव्हरोले, फोर्ड, प्लिमथ, हडसन या कंपन्या बाजारात एकमेकींच्या जिवावर उठलेल्या होत्या. पण त्यांच्या सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम मात्र हाच. त्यामुळे फोर्डवाला शेव्हरोलेच्या उघड्या बॉनेटसमोर उभा राहिला, तरी परका नसतो.

श्रीमंतांच्या जुन्या गाड्या पैशाच्या जोरावर टिकतात. त्यांच्यासाठी संग्रहालयं असतात, लिलाव असतात, पगारी कारागीर असतात. शाळामास्तरांनी, शेतकऱ्यांनी, कारकुनांनी हप्त्यावर घेतलेल्या साध्या गाड्यांच्या वाट्याला यातलं काही येत नाही. तरीही अमेरिकेत अशा कितीतरी गाड्या आज रस्त्यावर आहेत. त्या टिकल्या, कारण एका मालकानं दुसऱ्याला सांगितलं : काय बसतं, काय बसत नाही, आणि बसवायचं तर कुठे किती घासायचं.

सहाच का?

सरळ सहा सिलिंडर इंजिनाची गोडी समजायला एक गोष्ट पुरते. यात पहिला आणि सहावा पिस्टन एकत्र वर-खाली होतात, दुसरा आणि पाचवा एकत्र, तिसरा आणि चौथा एकत्र. क्रँकशाफ्टवर या तीन जोड्या एकमेकींपासून 120 अंशांवर असतात. त्यामुळे एका पिस्टनचा हिसका दुसरे पिस्टन जिरवतात. चार सिलिंडरच्या इंजिनाला जी थरथर असते, ती इथे जवळजवळ नाहीशी होते, आणि त्यासाठी वेगळी काही योजनाही करावी लागत नाही.

ही सुखाची चाल सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली शेव्हरोलेनं, 1929 साली. फोर्डची मॉडेल ए चार सिलिंडरची होती. शेव्हरोलेनं 194 घनइंचांचं, म्हणजे साधारण 3.2 लिटरचं, 46 अश्वशक्तीचं सहा सिलिंडर इंजिन आणलं आणि चारच्या किमतीत सहा अशी जाहिरात केली. त्यात खाचेच्या डोक्याचे पाव इंची बोल्ट होते, लाकूड जाळायच्या शेगडीला असत तसे. त्यावरून लोकांनी इंजिनाला ‘स्टोव्हबोल्ट’ म्हणायला सुरुवात केली. टोपणनाव थट्टेचं होतं, पुढे ते लाडाचं झालं.

स्टोव्हबोल्टचं वंगण म्हणजे साधेपणाची कमाल. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी छोटे चमचे असत, ते खालच्या पन्हळीतलं तेल उडवत आणि त्या शिंतोड्यांवर रॉडची बेअरिंगं चालत. बेअरिंगं ओतीव बॅबिट धातूची. गावातल्या धिम्या रस्त्यांवर हे ठीक होतं. हमरस्त्यावर तासन्‌तास वेगानं गाडी हाकली, की बॅबिट वितळायला लागे. पंपाच्या दाबानं सगळीकडे तेल पोचवणारं 235 घनइंची इंजिन 1953 साली काही गाड्यांत आलं आणि 1954 पासून सगळ्या शेव्हरोले मोटारींत बसलं.

इथे मालकांनी सगळ्यात पहिली मोठी सुधारणा केली : आधीच्या गाडीतून शिंतोड्यांवर चालणारं जुनं 216 घनइंची इंजिन उतरवायचं आणि नंतरचं 235 चढवायचं. घराणं एकच, म्हणून बरंचसं जुळतं. पण नंतरच्या 235 चा वॉटर पंप वेगळा असल्यानं पंखा रेडिएटरला भिडतो. त्यावर तोडगा निघाला तो जुना आखूड पंप बसवून देणाऱ्या अडॅप्टर पट्टीचा. पट्टी कुणाच्या डोक्यातून आली ते आता सांगता येत नाही. ती हातोहात फिरली आणि शेवटी दुकानांत विकायला आली.

भंगारातून शर्यतीकडे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचे अडीच टनी जीएमसी ट्रक 270 घनइंची सहा सिलिंडर इंजिनावर धावले. युद्ध संपलं आणि ही इंजिनं स्वस्तात बाजारात आली. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट मातीवर वेगाच्या कसोट्या देणाऱ्या तरुणांनी ती उचलली.

पण यांचीही अडचण स्टोव्हबोल्टसारखीच, हेडमध्ये होती. स्टोव्हबोल्टच्या हेडमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारी भोकं फक्त तीन; दोन-दोन सिलिंडर एकाच भोकातून श्वास घेणार. धूर बाहेर टाकायला चार. वेन हॉर्निंगनं 1940 च्या दशकात बारा भोकांचं नवं हेड बनवलं : प्रत्येक सिलिंडरला स्वतःची आत येण्याची आणि स्वतःची बाहेर जाण्याची वाट. रेसवाल्यांत ‘वेन हेड’ हे आजही आदरानं घेतलं जाणारं नाव आहे.

ज्यांना एवढा खर्च झेपत नव्हता, त्यांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मधोमध दुभागलं. पुढच्या तीन सिलिंडरांना एक नळी, मागच्या तिघांना दुसरी. आता तो पाढा पुन्हा म्हणून बघा. एक पुढचा, पाच मागचा, तीन पुढचा, सहा मागचा, दोन पुढचा, चार मागचा. प्रत्येक नळीत बरोबर 240 अंशांच्या अंतरानं एक ठोका पडतो. या समान अंतरामुळे दोन सायलेन्सरांतून जो खर्जातला, किंचित फाटलेला सूर निघतो, तो व्ही-8 कडून येत नाही. नुसत्या कानानं गाडी ओळखणारी माणसं या सुरासाठी जीव टाकतात.

कारखान्यालाही ताकद वाढवण्याचा हा मोह सुटला नाही. 1953 ची पहिली शेव्हरोले कॉर्व्हेट आठ सिलिंडरची नव्हती. त्या वर्षी बनलेल्या सगळ्या, 300च्या 300 गाड्यांत तेच 235 घराण्याचं इंजिन होतं. तीन कार्ब्युरेटर लावून त्याची ताकद 150 अश्वशक्तीपर्यंत चढवलेली. गॅरेजात पोरं जे करत होती, तेच कंपनीनं केलं.

हडसननं तर सहा सिलिंडरांना शर्यतीचं सिंहासन दिलं. 1951 ची हडसन हॉर्नेट 308 घनइंचांची, म्हणजे पाच लिटरची होती; व्हॉल्व ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असण्याची रचना तेव्हाही जुनाट मानली जात होती. पण गाडीची बैठक खाली होती आणि वळणावर ती जमिनीला चिकटून राही. पुढच्या वर्षी ‘ट्विन एच’ नावाची दोन कार्ब्युरेटरांची जोडी आली. 1952 च्या नॅस्कार ग्रँड नॅशनल मालिकेत 34 पैकी 27 शर्यती हडसननं जिंकल्या. टिम फ्लॉक 1952 चा विजेता ठरला, हर्ब थॉमस 1953 चा. ‘कार्स’ या चित्रपटातला म्हातारा डॉक हडसन आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक आहे. त्याच्यामागचा इतिहास हा असा खरा आहे.

धाकट्या पातीची गाडी

1955 साली शेव्हरोलेचं नवं व्ही-8 आलं आणि हवा फिरली. आठ म्हणजे मर्दानी, सहा म्हणजे काटकसरी, अशी वाटणी पडली. 1960 सालासाठी आलेल्या फोर्डची फाल्कन आणि क्रायस्लरची व्हॅलियंट या आटोपशीर गाड्यांनी सहा सिलिंडरांना नवं घर दिलं; 1964 साली फाल्कनच्या सांगाड्यातून मस्टँग जन्मली आणि तिच्या स्वस्त आवृत्तीतही सहाच सिलिंडर होते.

पुढे या मस्टँगांच्या मालकांना सल्ला एकच मिळायचा : हे काढ, आठ टाक. हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही. सहा सिलिंडरच्या मस्टँगची चाकं चार नटांची, व्ही-8 ची पाच नटांची. इंजिन बदलायचं तर स्प्रिंगा, ब्रेक, मागचा ॲक्सल, स्टिअरिंगचे सांधे, सगळंच बदलावं लागतं. म्हणून हट्टी मालकांनी उलटा विचार केला, की आहे त्याच इंजिनाला मोकळा श्वास कसा देता येईल?

फोर्डच्या या इंजिनात मॅनिफोल्ड वेगळं नाहीच. ते हेडसकट एकाच बिडाच्या ओतकामात आहे, लाकडाच्या ओंडक्यासारखं, म्हणून त्याला ‘लॉग’ म्हणतात. सुटं असतं तर काढून मोठं लावता आलं असतं. इथे मालक हेड उतरवून मशीन शॉपमध्ये नेतो, कार्ब्युरेटरची बैठक सपाट कापून घेतो, भोक मोठं करतो आणि दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर बसवतो. कुणी ओंडक्यावर आणखी दोन बैठका काढून तीन कार्ब्युरेटर लावतो. कुणी थेट ऑस्ट्रेलियाकडे वळतो : तिथल्या फोर्डनं याच घराण्याच्या 250 घनइंची इंजिनासाठी सुट्या मॅनिफोल्डचं हेड काढलं होतं, आणि थोड्या कामानंतर ते अमेरिकन ब्लॉकवर बसतं.

यात एक खाचखळगा आहे, आणि देवाणघेवाणीची किंमत मला तिथेच सगळ्यात जास्त जाणवली. 1967 पर्यंतच्या या फोर्डांत ‘लोड-ओ-मॅटिक’ डिस्ट्रिब्युटर असे. वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडायला हवी. इतर डिस्ट्रिब्युटरांत त्यासाठी फिरती वजनं असतात. यात ती नाहीत. सगळं काम कार्ब्युरेटरमधून येणाऱ्या व्हॅक्यूमवर, आणि त्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये खास व्हॉल्व. नवा माणूस हौसेनं मोठा कार्ब्युरेटर लावतो आणि गाडीचं पिकअप आधीपेक्षा कमी होतं. तो महिनाभर जेट बदलत बसतो. दोष कार्ब्युरेटरमध्ये नसतोच. दोघांचं लग्न मोडलेलं असतं. हे ज्यानं भोगलंय तो एका वाक्यात सांगतो : दोन्ही एकदम बदल, नंतरच्या वर्षाचा डिस्ट्रिब्युटर घाल. एका वाक्यानं महिना वाचतो.

तसंच मोजून ओळखण्याचं ज्ञान. फोर्डच्या 144 आणि 170 घनइंची इंजिनांत क्रँकला चार मुख्य बेअरिंगं, 200 घनइंचीत 1965 पासून सात. बाहेरून कसं कळणार? ब्लॉकच्या कुशीत पाण्याच्या वाटा बंद करणारी गोल पत्र्याची बुचं मोजायची. तीन असतील तर चार बेअरिंगं, पाच असतील तर सात. भंगारवाल्याच्या अंगणात वाकून बुचं मोजणारा माणूस दिसला, तर तो काय शोधतोय ते आता तुम्हाला कळेल.

तिरक्या इंजिनाचं टॅपेट

क्रायस्लरचं सहा सिलिंडर इंजिन 30 अंशांत कललेलं. त्यामुळे बॉनेट खाली आणता आलं आणि मोकळ्या झालेल्या बाजूला लांब नळ्यांचं मॅनिफोल्ड मावलं. 170 आणि 225 घनइंचांचं हे ‘स्लँट सिक्स’ मजबुतीसाठी नावाजलेलं आहे. जानेवारी 1960 मध्ये डेटोनाला आटोपशीर गाड्यांच्या शर्यतीत ‘हायपर पॅक’ हा ताकद वाढवणारा संच लावलेल्या व्हॅलियंटांनी बाकीच्यांना मागे टाकलं.

पण माझं प्रेम त्याच्या टॅपेटांवर आहे. 1980 पर्यंत या इंजिनाच्या टॅपेटांची फट हातानं लावावी लागे, तेही इंजिन गरम आणि चालू असताना. झाकण काढलेलं, बारा रॉकर नाचताहेत, गरम तेलाचे बारीक शिंतोडे मनगटावर येताहेत. फिलर गेजची पाती फटीत सरकवायची : इनटेकला इंचाचे दहा हजारांश, एक्झॉस्टला वीस. पाती जराशी ओढ घेत सरकली पाहिजे, अडता कामा नये, सैलही पडता कामा नये. ही ओढ किती, ते पुस्तकातून कळत नाही. शेजारी उभा असलेला जुना मालक तुमच्या हातातली पाती घेतो, एकदा सरकवून दाखवतो आणि परत देतो. पुढचे अकरा तुम्ही करता.

कुर्ल्याचा धागा

ही कथा आपल्यापासून अगदीच दूरची नाही. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत मोटारी जोडायला सुरुवात केली होती. ते काम 1954 साली थांबलं. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं क्रायस्लरशी करार करून 1947 पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ बांधल्या. सहा सिलिंडरची साइड-व्हॉल्व इंजिनं त्या काळच्या मुंबईनं टॅक्सीत ऐकली, लग्नाच्या वरातीत ऐकली. अशी गाडी ज्याच्याकडे आहे, त्याला अमेरिकेतल्या मालकाचा पहिला सल्ला उपयोगी पडतो : हेड गॅस्केट मागवण्याआधी टेप घेऊन हेडची लांबी मोज. क्रायस्लरच्या या इंजिनांचे ब्लॉक दोन लांबींचे आहेत. अमेरिकेतल्या डॉज-प्लिमथची हेडं सुमारे 23 इंचांची, डिसोटो-क्रायस्लरची आणि कॅनडात बनलेल्या इंजिनांची 25 इंचांची. बॉनेटवरचं नाव बघून मागवलेलं गॅस्केट दोन इंचांनी फसवू शकतं.

मूळ की सुधारित?

जुन्या गाडीला हात लावावा का, हा वाद या मंडळींत कधी संपत नाही. माझं मत ठाम आहे. एकाच नळीवर चालणारे ब्रेक ज्या गाडीत आहेत, तिथे आधी दुहेरी मास्टर सिलिंडर घालावा. ती नळी फुटली तर चारही चाकं मोकळी सुटतात, आणि मूळपणाच्या नावाखाली कुणाचा जीव धोक्यात घालू नये. शिसं नसलेल्या पेट्रोलवर गाडी फार पळवायची असेल, तर हेड उतरवलंच आहे तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्वच्या कडक सीट बसवून घ्याव्यात. बाकी सुधारणा हौसेच्या, आणि हौस करावी. अट एवढीच की पुढच्या माणसाला ती समजली पाहिजे.

कारण अडचण पुढेच येते. 1965 च्या मस्टँगमध्ये 1975 चा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असतो. मालक गाडी विकतो. दहा वर्षांनी टोपण तडकतं, नवा मालक दुकानात जाऊन 1965 चं टोपण मागतो, ते बसत नाही आणि गाडी अंगणात उभी राहते. म्हणून शहाणे मालक ग्लोव्ह बॉक्समध्ये एक कागद ठेवून जातात : डिस्ट्रिब्युटर अमुक वर्षाचा, वॉटर पंप तमुक इंजिनाचा, टॅपेटची फट इतकी, ब्रेकचे सिलिंडर कुठल्या गाडीचे. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्याच्यासाठी ग्रीसच्या बोटांनी लिहिलेली ही यादी असते. आणि सगळ्यात वर, त्याला ती पाठ असेलच असं न धरता, सहा आकडे.