नॅनो औषध आणि मेंदूची वेस

‘नॅनो’ म्हणजे अतिसूक्ष्म, तेव्हा असं औषध मेंदूत आपोआप झिरपत असणार, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. जरा मापं बघू. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. डोपामिनचा रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो, तरी शिरेतून दिलेलं डोपामिन मेंदूत पोचत नाही. औषध वाहणारा नॅनोकण तर बहुधा 50 ते 200 नॅनोमीटरचा, त्याच्यापुढे चांगलाच धिप्पाड!

अडथळा आहे तो मेंदूतल्या केशवाहिन्यांचा. त्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की मध्ये फटच राहत नाही. 1885 मध्ये पॉल एरलिख यांना दिसलं, की प्राण्यांच्या रक्तात सोडलेला रंग इतर अवयवांत उतरतो, मेंदू मात्र कोरा राहतो. मेंदूला रंग धरतच नसावा, असं त्यांना वाटलं. 1913 मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला आणि मेंदू रंगला. पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसाचाही गैरसमज होतो, तिथे आपली काय कथा!

या वेशीतून आत जायला ओळख लागते. कंपवातावरच्या लेव्होडोपा या औषधाचा रेणू डोपामिनपेक्षा किंचित मोठाच, पण तो अमिनो आम्लासारखा दिसतो आणि त्यांच्याच दारातून आत जातो; आत त्याचं डोपामिन होतं. नॅनोवाहकांना हीच युक्ती शिकवायचा प्रयत्न चालू आहे. कणावर ट्रान्सफेरिन, म्हणजे रक्तात लोह वाहणारं प्रथिन, चिकटवलं की वाहिनीची पेशी त्याला ओळखीचा समजून पोटात घेते आणि पलीकडे सोडते. निदान तशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बरेचसे कण वाटेत यकृत आणि प्लीहाच गिळून टाकतात.

‘नॅनोमुळे अल्झायमर बरा होतो’ हेही खरं नाही. नॅनोकण हा नुसता टेम्पो. आतला माल कुचकामी असेल तर पोचूनही उपयोग शून्य, आणि मेलेल्या चेतापेशी कुठलाच टेम्पो जिवंत करत नाही. अल्झायमरची वाढ काहीशी मंदावणारं लेकानेमॅब अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालं, पण ते प्रतिपिंड आहे, नॅनोवाहक नव्हे. पॅटिसिरान हे चेतांच्या एका आनुवंशिक आजारावरचं औषध 2018 पासून मेदाच्या नॅनोकणांतून दिलं जातं, पण त्याचा पत्ता यकृताचा. सदोष प्रथिन तिथेच तयार होतं.

तेव्हा ‘नॅनो’ छापलेली हळदीची कॅप्सूल कुणी स्मृतिभ्रंशावर खपवू लागला, तर माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल मागा. आणि घरात कुणाची लेव्होडोपा चालू असेल, तर ती जेवणाच्या किती आधी घ्यायची हे डॉक्टरांना जरूर विचारा. डाळ, अंडी, पनीर यांतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं त्याच दारात रांग लावून उभी असतात.