सह्याद्रीचा चुलतभाऊ चंद्रावर!

हरिश्चंद्रगड चढताना दम लागला की तुम्ही ज्या काळ्या कातळावर टेकता, त्याचा एक चुलतभाऊ थेट चंद्रावर आहे. पौर्णिमेला चंद्रावर काळे डाग दिसतात ना, तो बेसॉल्ट. आपला कातळही बेसॉल्टच. दोन्हीकडे लाव्हा वाहिला, थंड झाला आणि दगड झाला.

मग फरक काय? पहिला वयाचा. आपला कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांचा. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांनी ३८२ किलो नमुने आणले. त्यातले बेसॉल्ट ३०० कोटी वर्षांहूनही जुने निघाले!

दुसरा फरक हवा-पाण्याचा. आपल्याकडे ऊन-पावसात कातळ झिजतो, त्याची काळी माती होते, तिच्यात कापूस पिकतो. चंद्रावर ना वारा, ना पाऊस. त्यामुळे तिथल्या दगडांत लोखंडाचे बारीक कण न गंजता टिकलेत. पण अडवायला हवाच नाही, म्हणून सूक्ष्म उल्कांचा मारा थेट बसतो आणि दगडांवर बारीक खळगे पडतात.

मोठी उल्का बेसॉल्टवर आदळली तर काय होतं? बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार बघा. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर बेसॉल्टमध्येच झालंय. म्हणूनच चंद्रावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथले दगड तपासतात.

तेव्हा तिथे गेलात तर आठवण म्हणून खडा खिशात टाकू नका, कातळावर नाव तर मुळीच कोरू नका. चंद्रावरचा दगड हाताळायला मिळणं अवघड. त्याचा हा भाऊ एसटीच्या तिकिटात भेटतोय. त्याला जपूया की!