सोनघंटेचे बी का रुजत नाही?

सोनघंटा हे फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीत आढळणारे दुर्मिळ झुडूप. शास्त्रीय नाव अबुटिलॉन रानडेई, वनस्पतिसंग्राहक एन. बी. रानडे यांच्यावरून पडलेले. घंटेसारखी लोंबती फुले पाहून कोणालाही ते बागेत हवेसे वाटेल. पण भेंडी-कापसाच्या या कुळातील पुष्कळ जंगली जातींचे बी नुसत्या पाण्याने रुजत नाही. बीजावरणातील उभ्या, दाट पेशींचा थर पाणी आत शिरू देत नाही. गर्भ जिवंत असतो, पण कोरडा. प्रयोगशाळेत हे आवरण तीव्र गंधकाम्लाने झिजवतात. शाळेत ते नकोच; पॉलिश पेपर पुरे.

दुर्मिळ झाडाचे मूठभर बी प्रयोगात घालवणे परवडत नाही. सराव करावा तो त्याच्याच प्रजातीतील पेटारीवर (अतिबला). मुखेडच्या पडीक रानात, रस्त्याकडेला ती सहज सापडते. तिच्या 100 बिया तशाच ठेवाव्यात, 100 हलक्या हाताने घासाव्यात. दोन्ही गट वेगवेगळे तोलून 24 तास भिजवावेत, टिपून पुन्हा तोलावेत. न घासलेल्यांचे वजन जवळजवळ तेवढेच राहिले आणि घासलेल्यांचे वाढले, तर अडसर आवरणाचा. वजन वाढूनही अंकुर फुटला नाही, तर कारण आत, गर्भात शोधावे. तेथे आणखी घासून काही साधणार नाही, उलट बी कुजेल.