धुराड्यातील आग: ज्येष्ठांची सुरक्षा आणि विम्याचा आधार

शेवगाव तालुक्यातील गंगामाई साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला फेब्रुवारी २०२३ मध्ये लागलेली आग आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. अशा मोठ्या आगीची बातमी होते. बंबाच्या धुराड्यात किंवा स्वयंपाकघरातील विजेच्या चिमणीत पेटणाऱ्या आगीची बहुधा होत नाही. घरातील ज्येष्ठांना मात्र या आगीपासूनच अधिक सावध राहावे लागते. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते, जळका वास उशिरा लक्षात येतो आणि गुडघेदुखीमुळे बाहेर पडण्यासही विलंब होतो.

आग का लागते?

ओल्या लाकडाचा धूर धुराड्यात थंड होतो आणि आतील बाजूस डांबरासारखा चिकट, ज्वलनशील थर साचतो. पऱ्हाट्या किंवा कागद घालून जाळ एकदम मोठा केला, की तो थर पेट घेऊ शकतो. विजेच्या चिमणीत फोडणी-तळणाचे तेल जाळीवर आणि नळीत बसते. कढईतील तेल पेटल्यास चिमणीचा पंखा ज्वाळा वर ओढून घेतो.

म्हणून वाळलेलेच सरपण वापरावे. पावसाळा संपताच धुराडे खरवडून घ्यावे आणि त्यात पक्ष्याचे घरटे नाही ना, तेही पाहावे. चिमणीची जाळी महिन्यातून एकदा तरी धुवावी. ही कामे ज्येष्ठांनी स्टुलावर चढून करू नयेत. बंद न्हाणीघरात बंब कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग वा वास नसतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी जाणवल्यास तत्काळ मोकळ्या हवेत यावे.

आग लागल्यास

कढई पेटल्यास हात पोहोचत असेल तरच गॅस व चिमणी बंद करून वर झाकण ठेवावे. पेटत्या तेलावर पाणी मुळीच ओतू नये. आग वर चढली असेल, तर प्रथम ज्येष्ठांना बाहेर काढून १०१ किंवा ११२ वर कळवावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. अंगठ्या, बांगड्या लगेच उतरवाव्यात. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ लावू नये. नाकात काजळी दिसली, आवाज घोगरा झाला किंवा धाप लागली, तर जखम लहान असली तरी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. श्वासनलिकेची सूज काही तासांनंतरही वाढते.

विम्याचा दावा

अधिकृत गॅसजोडणीधारकांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो. त्याचा हप्ता ग्राहकास भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती ६ लाख रुपये, उपचारांसाठी प्रतिव्यक्ती २ लाखांपर्यंत आणि नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या हानीसाठी प्रतिघटना २ लाखांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मात्र आगीचे मूळ कारण स्वयंपाकाचा गॅस असावे लागते. बंबाचे धुराडे पेटल्यास हा विमा उपयोगी पडत नाही. त्यासाठी घराचा स्वतंत्र विमा हवा. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत घर आणि घरातील सामान, दोन्हींना आगीपासून संरक्षण घेता येते.

आग विझल्यानंतर सर्व काही लगेच आवरू नका. आधी छायाचित्रे घ्या. विमा कंपनीला, आणि गॅसचा संबंध असल्यास वितरकालाही, त्वरित लेखी कळवा. पोलिसांचा पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रे व औषधांची बिले जपून ठेवा. डॉक्टरांना दुखापतीचे कारण आणि वेळ नेमकी सांगा. तीच नोंद पुढे दाव्यासोबत जाते. चिमणीच्या सफाईची पावतीही सांभाळावी, म्हणजे निष्काळजीपणाचा आक्षेप आल्यास उत्तर देता येते. दावा अमान्य झाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.

आई-वडील गावी एकटे राहत असतील, तर पुढच्या भेटीत त्यांच्या औषधांच्या डब्याबरोबर धुराडे, चिमणीची जाळी आणि पॉलिसीची मुदतही तपासून पाहा.